काढून ठेवलेलं दार

आइस हॉकीच्या रिंगणातला बर्फ वितळवून
वर लाकडी फळ्या, फळ्यांवर चाळीस खाटा.
तरी खालून गारवा येतच होता.
तळव्यांना कळत होतं
ही जागा मुळात कशासाठी आहे ते.

औलूच्याही वर, जिथे मार्चमध्ये नदी अजून बंद असते,
तिथल्या आमच्या गावात साथ पोचली नव्हती.
बातम्यांतून ती रोज एकेक गाव वर सरकत होती.
म्हणून आम्ही आधी उर्होला आजारी पाडलं.

उर्हो रबराचा, अडुसष्ट किलोंचा.
छाती हलते, डोळे मिटतात, घाम येत नाही.
उर्हो म्हणजे शूर. नाव होदाननं ठेवलं;
सोमालियाहून आलेली मुलगी,
फिनिश शिकताना तिला आवडलेला हा पहिला शब्द.

माझ्याकडे स्टॉपवॉच आणि कागद.
नियम एकच: मी मदत करायची नाही.
तीस वर्षं नर्सचे हात,
ते पाठीमागे बांधून उभं राहायचं.

पहिल्या दिवशी उर्हो मेला
कारण ऑक्सिजनची गाडी खेळाडूंच्या दारात अडली.
चार बोटं.
फक्त चार बोटांनी रुंद होती.
एकानं ढकलली, दुसऱ्यानं ओढली,
तिसरा म्हणाला, तिरकी करा, तिरकी,
आणि माझ्या मुठीतलं घड्याळ
कुणाचंही न ऐकता चालत राहिलं.
सहा मिनिटं दहा सेकंद, मी लिहिलं.

दुसऱ्यांदा तो आकड्यानं मेला.
डॉक्टर हेल्मी मास्कआडून म्हणाल्या पंधरा,
होदानला ऐकू आलं पन्नास.
आमच्या भाषेत दोन्ही एकाच अक्षरांनी सुरू होतात.
सिरिंजमध्ये नळाचं पाणी होतं,
पण होदान लॉकर-रूममध्ये जाऊन रडली
ते पाणी नळाचं नव्हतं.
लुटुपुटूच्या मरणाचं खरं रडू
कोणत्या रकान्यात लिहायचं?
मी कागद उलटासुलटा करून पाहिला.

तिसऱ्या खेपेचं सांगायला लाज वाटते.
औषधांच्या कपाटाची किल्ली सापडेना.
सगळे खिसे चाचपले, ट्रे उपडे केले,
कुणी हातोडा आणायला धावलं.
किल्ली माझ्या खिशात होती.
सकाळी मीच कपाट लावलं होतं.
मांडीला टोचत होती,
आणि मी बोलायचं नव्हतं.
नियम माझाच.
मी उर्होला मरू दिलं
आणि वेळ लिहिली, सुवाच्य अक्षरात.

त्या रात्री एन्सिओ आला,
या रिंगणाचा बर्फ आयुष्यभर गुळगुळीत करणारा माणूस.
त्यानं माझा कागद वाचला नाही.
दारापाशी उभा राहून विचारलं, किती?
मी चार बोटं दाखवली.
त्यानं पेचकस काढला,
बिजागऱ्या एकेक करून सोडवल्या
आणि दार उचलून भिंतीला टेकवलं,
खालच्या कडेला तीस हिवाळ्यांचे स्केट्सचे ओरखडे.
"आता दारच नाही," म्हणाला, "तर अडेल काय?"

किल्लीला खिळा मिळाला, लाल दोरा मिळाला.
आकडे पाटीवर लिहून दाखवायचे ठरलं,
डोळ्यांनी ऐकायचे.

चौथ्यांदा उर्हो जगला.
टाळी कुणी वाजवली नाही.
डॉक्टर हेल्मी म्हणाल्या, "पुन्हा."

एप्रिलच्या सतराव्या दिवशी, पहाटे,
लोकरीच्या मोज्यांसकट आणलेली एक म्हातारी.
आउने लेम्पिआइनेन, माझ्या शाळेतल्या शिवणाच्या बाई.
वरच्या ओठावर घाम होता.
मला आधी तेवढंच दिसलं, घाम.

होदाननं पाटी वर धरली: १५.
कुणीतरी लाल दोरा ओढला.
ऑक्सिजनची गाडी आली
आणि आत गेली,
जिथे दार नव्हतं तिथून,
कुणी खाली बघितलं नाही, कुणी वेग कमी केला नाही.
माझ्या हातात घड्याळ नव्हतं.
तरी अंगठा दाबतच होता काहीतरी,
मग होदान ओरडली, "सिस्टर, हात!"
आणि मी हात दिले.